युरोपीय संघाचा वनौषधी-निर्देश आणि आपले कल्प

युरोपीय संघाने ३१ मार्च २००४ रोजी पारंपरिक वनौषधींविषयी २००४/२४ हा निर्देश संमत केला. जुन्या उत्पादनांना दिलेली मुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. तेव्हापासून नोंदणी वा परवान्याविना वनौषधी तेथे औषध म्हणून बाजारात आणता येत नाही.

या नोंदणीस चिकित्सालयीन चाचण्या लागत नाहीत. मात्र ३० वर्षांचा औषधी वापर, त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षे संघातील, पुराव्यानिशी दाखवावा लागतो. केवळ संहितेतील पाठ पुरेसा ठरत नाही. वनस्पतींखेरीज जीवनसत्त्वे व खनिजे केवळ साहाय्यक म्हणून चालतात. त्यामुळे भस्मे व रसकल्प या मार्गाबाहेर राहतात.

परिणामी त्रिफळा चूर्णासारखा कल्प तेथे अन्नपूरक म्हणून विकला जातो. वेष्टनावर रोगनिवारणाचा उल्लेख करता येत नाही. घेणाऱ्यास अधिकार व अनुपान कळत नाही. शिवाय अशी विक्री पुढे औषधी वापराचा पुरावा ठरेलच, असे नाही.

म्हणून औषधशाळाचालकांनी निर्यातीच्या बिलांसोबत माहितीपत्रके, घटकप्रमाण व प्रमाणीकरणाच्या नोंदी जपाव्यात; तेथील वैद्यांनी रुग्णपत्रके जपावीत. परंपरा आपली असली, तरी तिचा लेखी पुरावा आपणच निर्माण केला पाहिजे.