जुना संगणक सुधारावा की नवा घ्यावा?

कोणतेही यंत्र काही वर्षे वापरले की त्याच्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. दुरुस्ती करून, नवे भाग घालून ते पुढे चालवावे, की ते बाजूला ठेवून नवे विकत घ्यावे? संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कारण संगणक हे एकच यंत्र नसून परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक यंत्रांचा तो समूह आहे, आणि त्यांपैकी प्रत्येकाचे आयुष्य निराळे असते. सामान्यतः लोक वयावरून निर्णय घेतात. परंतु वय हा फारसा विश्वसनीय निकष नव्हे. विचारावयाचा प्रश्न असा आहे: हे यंत्र नेमके कोठे अडते, आणि ती अडचण दूर करण्यास त्याच्या मूळ रचनेत वाव आहे काय?

देवनहळ्ळी येथील दोन निर्णय

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे हे जन्मस्थान. येथील किल्ला इ. स. १५०१ मध्ये मातीचा बांधण्यात आला होता. पुढे अठराव्या शतकात हैदर अली व टिपू यांच्या काळात त्याच जागी दगडी तट उभा राहिला. जागा मोक्याची होती; उणीव होती ती तटाच्या मजबुतीत. तेव्हा उणीव असलेला भाग तेवढा बदलण्यात आला.

याच गावाजवळ आपल्या काळात नेमका उलट निर्णय घेतला गेला. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्याच्या विमानतळावरूनच पुढे अनेक दशके शहराची प्रवासी वाहतूक चालली. प्रवासी वाढत गेले, तसतशा तेथील सोयीही वाढवण्यात आल्या. परंतु धावपट्टी एकच होती, तिच्यावर कारखान्याच्या व सैन्याच्या विमानांचाही हक्क होता, आणि चहूबाजूंनी वस्तीचा वेढा पडला होता. इमारत वाढवता येत होती. जमीन वाढवता येत नव्हती. अखेर देवनहळ्ळीजवळ सुमारे ४,००० एकर भूमीवर नवा विमानतळ उभारण्यात आला व २४ मे २००८ रोजी तेथून वाहतूक सुरू झाली. २०१३ मध्ये त्याची इमारत विस्तारली, २०१९ मध्ये दुसरी धावपट्टी वापरात आली आणि २०२२ मध्ये दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्या मूळ जागेतच वाढीला अवकाश होता, म्हणून हे घडू शकले. जुना विमानतळही मोडीत निघाला नाही. नियमित प्रवासी विमाने तेथून गेली. सैनिकी व चाचणीची उड्डाणे राहिली.

किल्ल्याच्या बाबतीत सुधारणा योग्य ठरली, विमानतळाच्या बाबतीत नवी उभारणी. दोन्ही ठिकाणी निर्णय वयावरून झाला नाही, तर अडचण कोणत्या थरात आहे यावरून झाला. संगणकालाही हाच न्याय लागू पडतो.

जमीन कोणती, इमारत कोणती?

संगणकाचा मदरबोर्ड व त्यावरील प्रोसेसर ही त्याची जमीन होय. रॅम, म्हणजे काम चालू असता लागणारी तात्पुरती स्मृती, आणि माहिती कायम साठवणारी हार्ड डिस्क या त्या जमिनीवरील इमारती होत. इमारती बदलणे सोपे व स्वस्त असते. मदरबोर्ड बदलावयाचा झाल्यास मात्र बहुधा प्रोसेसर व रॅमही बदलावी लागते; म्हणजे सुधारणेच्या नावाखाली आपण नवा संगणकच विकत घेतो.

इमारती बदलण्यालाही जमिनीची मर्यादा असते. डीडीआर-३ जातीच्या रॅमसाठी केलेल्या खाचेत डीडीआर-४ जातीची पट्टी बसतच नाही. कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम डाख देऊन पक्की बसवलेली असते. तिच्यात भर घालता येत नाही. म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी मदरबोर्ड कोणत्या जातीची व जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतो, आणि एखादी खाच रिकामी आहे काय, हे पाहून घ्यावे.

अडते कोठे?

समजा, देवनहळ्ळीच्या बाजारपेठेत अर्ज भरून देण्याचे व छायाप्रती काढण्याचे एक छोटे दुकान आहे. तेथील संगणक २०१६ साली घेतलेला आहे. त्यात ४ जीबी रॅम व फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. सकाळी तो सुरू होण्यास पाच मिनिटे लागतात आणि तोवर गिऱ्हाइके ताटकळतात. मालकाने प्रथम काय करावे?

प्रथम किरकोळ कारणे दूर करावीत. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो व स्वतःचा वेग आपणच कमी करतो. दर वेळी तारीख व वेळ चुकत असेल, तर मदरबोर्डावरील गोल चपटी बॅटरी संपलेली असते. ती थोडक्या रुपयांत मिळते. परंतु तेवढ्यावरून ‘आता हा संगणक म्हातारा झाला’ असा निष्कर्ष काढणारे अनेक असतात.

त्यानंतर नेहमीची कामे चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कोणता भाग सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आहे, ते तेथे दिसते. अशा संगणकात बहुधा डिस्क अडखळताना आढळते, आणि त्याचे कारण साध्या गणिताने समजते. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे हवी ती माहिती वाचक-शिराखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो, आणि शिर योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. एसएसडी या साठवणीच्या साधनात काहीच फिरत वा सरकत नाही. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. म्हणून केवळ डिस्कच्या जागी एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केली, तरी असा संगणक पुष्कळदा तरतरीत होतो.

वेगाने न सुटणारी अडचण

मात्र वेग सुधारला म्हणजे प्रश्न सुटलाच असे नाही. विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक ठरवण्यात आली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. आपल्या दुकानदाराचा २०१६ चा संगणक या रेषेच्या अलीकडे राहतो. त्याच्या दुकानी लोकांची ओळखपत्रे, बँक-खात्यांचे क्रमांक व भ्रमणध्वनीवर आलेले संकेतांक हाताळले जातात. दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालीवर ही कामे करणे म्हणजे परक्यांच्या किल्ल्या उघड्या फडताळात ठेवणे होय.

येथे दोन मार्ग उरतात. काम मुख्यतः ब्राउझरमध्ये होत असेल, तर लिनक्सची एखादी विनामूल्य प्रणाली बसवून जुना संगणक सुरक्षितपणे चालवता येतो. परंतु अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण, डिजिटल स्वाक्षरीची कळ, मुद्रणयंत्र आणि कन्नड टंकलेखनाची सवयीची प्रणाली ही सर्व तेथे चालतील काय, याची खात्री आधी करावी. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते सुरू करून यांपैकी बहुतेक गोष्टी काहीही न पुसता तपासता येतात. त्यांपैकी एखादे अपरिहार्य साधन केवळ विंडोजवरच चालत असेल, तर अडचण जमिनीतच आहे, असे समजून नवा संगणक घ्यावा.

वर्षाचा हिशेब

खर्चाची तुलना एकूण रकमेने न करता दर वर्षाच्या रकमेने करावी. उदाहरणादाखल, सुधारणेस ६,००० रुपये लागले व संगणक आणखी तीन वर्षे चालला, तर वर्षाला २,००० रुपये पडतात. नवा संगणक ४२,००० रुपयांचा असून सात वर्षे चालला, तर वर्षाला ६,००० रुपये. यावरून असे दिसते, की सुधारलेला संगणक एक वर्षाहून अधिक टिकण्याची खात्री असेल, तर सुधारणा परवडते. परंतु जो संगणक दर महिन्याला काही ना काही खर्च मागतो व दुकान बंद ठेवावयास लावतो, त्याच्या खात्यात बुडालेले दिवसही मांडले पाहिजेत. निर्णय कोणताही असो, भाग खोलण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत दुसऱ्या साधनावर काढून ती उघडते याची खात्री करून घ्यावी.

जुन्याचे काय करावे?

नवा संगणक आला तरी जुना निरुपयोगी होत नाही. महाजालाशी न जोडता हिशेब लिहिण्यास, किंवा लिनक्स घालून मुलांच्या अभ्यासास तो उपयोगी पडतो. तो खरोखरीच टाकावयाचा असेल, तर डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी, आणि तो भंगारवाल्यास न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवावा. बंगळूरच्या वायव्येस दाबसपेठ येथे असे केंद्र २००५ सालीच सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरही पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुप्फुसांत जो धूर जातो, त्याची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

तात्पर्य, उणीव इमारतीत असेल तर इमारत सुधारावी. जमिनीतच असेल तर नवी जमीन पाहावी. आणि नवी जमीन घेताना आजच्या गरजेपुरती न घेता, उद्या भर घालता येईल अशी, म्हणजे रॅमची एक खाच रिकामी व डिस्क बदलता येण्याजोगी, निवडावी. मग पुढल्या खेपेस हाच प्रश्न उभा राहील, तेव्हा त्याचे उत्तर अधिक स्वस्त असेल.