घर आणि कारखाना : फाळके कुटुंबाचे दादर व नाशिक येथील दिवस

थोर व्यक्तींची चरित्रे वर्गात सांगताना बहुधा एकच मनुष्य मुलांपुढे उभा केला जातो. तो जन्मला, शिकला, झगडला आणि यशस्वी झाला, एवढ्यात पाठ संपतो. त्याचे बिऱ्हाड कोठे होते, घरात चूल कोण पेटवीत होते, मुले दिवसभर काय करीत होती, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र अशा रीतीने सांगितले, तर त्यातील निम्मा भाग गळून पडतो. कारण पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथापट म्हणून मानला जाणारा 'राजा हरिश्चंद्र' ज्या हातांनी सिद्ध झाला, त्यांतील बरेचसे हात फाळक्यांच्या घरातलेच होते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, छपाई, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९०२ मध्ये त्यांचा सरस्वतीबाईंशी विवाह झाला. १९११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून, आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर याव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले आणि कॅमेरा व इतर यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. येथपर्यंतची हकीकत शिक्षकांनी दोन-चार वाक्यांतच सांगावी. पाठाचा खरा विषय यापुढे सुरू होतो.

गिरगावातील बिऱ्हाड हलवून फाळके कुटुंब दादरला 'मथुरा भवन' या वास्तूत राहावयास गेले. त्या काळचे दादर आजच्यासारखे गजबजलेले नव्हते; मोकळी जागा व भरपूर ऊन तेथे मिळत असे. चित्रण सूर्यप्रकाशात होत असल्याने ऊन हीच या धंद्यातील मुख्य सोय होती. राहते घर, रंगशाळा आणि फिल्म धुण्याची खोली ही सर्व एकाच वास्तूत आली. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे आणि ती एका ठिणगीने भडकून पेटत असे. ज्या घरात चूल पेटते त्याच घरात असा माल हाताळावयाचा, ही गोष्ट किती जोखमीची होती हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. सरस्वतीबाईंनी ही जोखीम नुसती सोसली असे नव्हे, तर ते कामच त्या शिकल्या. यंत्रात फिल्म भरणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे दादासाहेबांनी त्यांना शिकविली.

यांतील एका कामाचा हिशेब वर्गात फळ्यावर करण्यासारखा आहे. कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे आणि कॅमेऱ्यातील दातेरी चाकावर ती चालावी म्हणून दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. हे काम अंधारात करणे भाग होते, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाई. दिवसभराची कामे आटोपल्यावर सरस्वतीबाई रात्री छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन बसत. एक फूट फिल्मवर १६ चित्रे बसतात. प्रत्येक चित्रास एका कडेला ४ छिद्रे, म्हणजे दोन्ही कडांस मिळून ८. तेव्हा एका फुटास १२८ छिद्रे झाली. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. तेवढ्या लांबीच्या एका प्रतीस ४,७३,६०० छिद्रे लागतात. यंत्राने हे काम सुलभ होत असले, तरी फिल्म सरकवणारा आणि चाचपून पाहणारा हात माणसाचाच असे. गुणाकाराचे उदाहरण म्हणून मुलांना आगगाड्यांच्या डब्यांचे किंवा आंब्यांच्या पेट्यांचे गणित नेहमीच घातले जाते. कधी तरी हेही घालावे.

दिवसाची कामे निराळीच होती. चित्रणासाठी जमलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होता. नटांवर उजेड परावर्तित व्हावा म्हणून पांढरी चादर धरून उन्हात उभे राहण्याचे कामही त्यांनी केले. तारामतीची भूमिका करावयास कोणी स्त्री पुढे येईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसवून उभे करण्यात आले. रोहिदासासाठीही आपला मुलगा देण्यास कोणी आईबाप तयार होईनात. अखेर फाळक्यांचा मुलगा भालचंद्र हाच रोहिदास झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात हा चित्रपट सर्वांसाठी लागला.

या यशानंतर त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सारा संसार व कारखाना नाशिकला हलविला. सामान्यतः माणसे धंद्यासाठी लहान गावाहून मुंबईस जातात. येथे क्रम उलट आहे, आणि त्याची कारणे मुलांकडूनच काढून घेता येतील. नाशिकला गोदावरीचे घाट, देवळे, जवळपास डोंगर व झाडी होती. पुराणातील प्रसंगांना लागणारी पार्श्वभूमी रंगविण्याची गरज फारशी उरत नसे. मुंबईच्या मानाने पाऊस कमी, म्हणजे चित्रणाचे दिवस अधिक. शिवाय त्र्यंबकेश्वर हे जन्मगाव जवळच. नकाशावर ही ठिकाणे दाखविली तर भूगोलाचाही अर्धा तास सत्कारणी लागेल.

नाशिकला आल्यावर 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि चित्रपटात स्त्रियांनी काम न करण्याचा निर्बंध मोडला. त्यापाठोपाठ 'सत्यवान सावित्री' झाला. कुटुंबाचा दिनक्रम मात्र दादरच्यासारखाच राहिला. घर म्हणजे कारखाना आणि कारखान्यातील माणसे म्हणजे पंक्तीला बसणारी मंडळी. अशा घरात वाढणाऱ्या मुलांना खेळ व काम यांतील भेद क्वचितच जाणवला असेल.

१९१४ साली दादासाहेब पुन्हा लंडनला जाऊन आले, परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले. भांडवल देणारे मागे सरले, फिल्मचा पुरवठा अवघड झाला, आणि परमुलखातून येऊन या कारखान्यावर पोट भरणाऱ्या माणसांना वेतन कोठून द्यावे असा प्रश्न उभा राहिला. सरस्वतीबाईंचे दागिने या धंद्यात गेले. पाठात हा भाग गाळू नये. यश मिळाल्यावर नव्या गावी जाऊन स्थिरावलेले घर वर्षभरातच पुन्हा डळमळू लागते, हे सांगितल्याशिवाय पुढील दिवसांचे मोल कळणार नाही. १९१७ साली 'लंका दहन' निघाला आणि लोकांनी तो उचलून धरला. साळुंके यांनी त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. आदल्या अडचणीच्या काळानंतर घराला पुन्हा उसंत मिळाली. याच सुमारास चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक छोटा चित्रपटही दादासाहेबांनी काढला. शिकविण्याची त्यांची हौस त्यात दिसते.

१९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' व १९१९ चा 'कालिया मर्दन' या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. 'कालिया मर्दन'च्या आरंभी ही लहान मुलगी निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखविते आणि मग कृष्णाच्या वेषात प्रकट होते. सुदैवाने हा चित्रपट बऱ्याच अंशी शिल्लक आहे. नाट्यीकरणाच्या तासाला हर्ष, राग, भय, आश्चर्य असे भाव मुलांना एकापाठोपाठ करावयास सांगून हीच गोष्ट सांगता येईल. एक मुलगी कृष्ण होते आणि एक तरुण सीता होतो, यावर वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा. त्यानंतर असे का करावे लागले, हा प्रश्न विचारावा.

भागीदारांशी मतभेद झाल्यावर दादासाहेब कंपनीतून बाहेर पडले व कुटुंबासह काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळाने ते नाशिकला परत आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे नाशिकलाच निधन झाले. बोलपटांच्या काळात त्यांचे दिवस मागे पडले होते. तो इतिहास प्राथमिक वर्गात विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. सरस्वतीबाईंचे नाव मात्र फळ्यावर लिहावे. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो आणि तो मुलांनी ऐकलेला असतो. घरातील या दुसऱ्या कारागिराचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

बाहेरगावाहून नुकतीच आलेली मुले वर्गात असतील, तर फाळक्यांच्या मुलांनी नव्या गावी काय पाहिले असेल हे त्यांना प्रथम विचारावे. बदलीवर आलेल्या शिक्षकांच्या घरची मुले, ऊसतोडीवर हिंडणाऱ्या कुटुंबांतील मुले, सासुरवाडीच्या गावी आलेल्या आईची मुले यांना त्याचे उत्तर पुस्तकाबाहेरून देता येते.

या पाठाला जोडून करण्याजोगे हस्तकाम दादासाहेबांनीच घालून दिले आहे. 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी, भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यापुढे ठेवला आणि रोप वाढेल तसे एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखविताच दाण्यातून वेल पाहता पाहता वर चढू लागला. खेड्यातील शाळेत कॅमेरा नसला तरी चालेल. करवंटीत माती भरून वाटाणा, वाल किंवा हरभरा पेरावा. रोज सकाळी व शाळा सुटताना एकेक, अशी दिवसाला दोन चित्रे सारख्या आकाराच्या कागदावर काढावीत. रोप कागदाच्या त्याच जागी व त्याच मापाने काढले पाहिजे. यासाठी कागदाखाली कुंडीची एकच आकृती ठेवून कडा जुळवाव्यात. रविवारी शेजारच्या मुलाकडे कुंडी सोपवावी. २० दिवसांत ४० चित्रे होतील. ती क्रमाने लावून डावी बाजू दोऱ्याने शिवावी व उजव्या कडेवरून अंगठा भरभर सरकवावा.

सेकंदास १६ चित्रे या वेगाने ४० चित्रे अडीच सेकंदांत संपतात. मुले लगेच पुन्हा दाखवा म्हणतील. तेव्हा एक मिनिट चालणाऱ्या चित्रासाठी किती कागद लागतील, आणि दिवसाला दोन या मानाने ते काढावयास किती दिवस लागतील, हे त्यांना पाटीवर काढावयास सांगावे. उत्तर ९६० कागद आणि ४८० दिवस असे येते.