चहा स्वस्त झाला, तरी बाजार का बिघडला?

कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे घालवून आम्ही एक गोष्ट शिकलो. भाव जास्त वाटला तर गिऱ्हाईक घासाघीस करते. पण अपमान झाला तर दुकानाची पायरीच सोडते. हुकूमतीचेही तसेच असते. अमेरिका आणि आपले सोलापूर, दोन्हींचा इतिहास हेच सांगतो.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या १३ वसाहती होत्या. १७६३ मध्ये फ्रान्सशी चाललेले युद्ध संपले, तेव्हा इंग्लंड कर्जात बुडाले होते. पैसा उभा करण्यासाठी पार्लमेंटने १७६५ मध्ये वसाहतींतील दस्तऐवजांवर आणि वर्तमानपत्रांवर स्टँपचा कर बसवला. त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. लोकांनी अर्ज केले, व्यापाऱ्यांनी विलायती माल मागवणे थांबवले. इंग्लंडच्याच व्यापाऱ्यांना झळ बसली आणि १७६६ मध्ये कर मागे घेतला गेला. पण वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा हक्क पार्लमेंटने सोडला नाही.

पुढे १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला, म्हणजे जिने बंगालच्या विणकरांना पिळले त्याच कंपनीला, आपल्या आडत्यांमार्फत अमेरिकेत चहा विकण्याची सवलत मिळाली. चहा स्वस्त झाला. मात्र न विचारता बसवलेला कर कायम राहिला आणि स्थानिक व्यापारी बाजूला पडला. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. सरकारने १७७४ मध्ये बोस्टनचे बंदरच बंद केले. वाटले होते की बाकीच्या वसाहती घाबरतील, झाले उलटे. त्या बोस्टनच्या मदतीला धावल्या. १७७५ मध्ये गोळ्या झडल्या आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

आता आपल्याकडे या. मिठावरचा कर गरिबालाही चुकत नव्हता. गांधीजींनी मार्च १९३० मध्ये आधी व्हाइसरॉयला पत्र लिहिले. दाद मिळाली नाही, तेव्हा कायदा मोडला. आमच्या वऱ्हाडात पुसदला लोकनायक अणे यांनी जुलै १९३० मध्ये राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला.

सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट जाळले, पोलीसही मारले गेले. हे व्हायला नको होते. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजी अंमल उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. राष्ट्रध्वज बाळगणेही गुन्हा ठरले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. चौघांची नावे वाचा. एका शहराचा सारा ताणाबाणा त्यांत दिसतो.

बोस्टन आणि सोलापूर, दोन्हीकडे क्रम एकच होता. आधी अर्ज, मग बहिष्कार, मग संघर्ष. प्रत्येक पायरीवर सरकारला ऐकून घेण्याची संधी होती. त्याने ऐकण्याऐवजी दांडगाई केली आणि भांडण वाढवले.

कामरगावसारख्या गावातल्या दुकानदाराला यातून काय घ्यायचे? बाजाराची वर्गणी ठरवायची असो की कारागिराची मजुरी, ज्याच्या खिशातून पैसा जाणार त्याला आधी विचारा. ठरावाच्या बैठकीत त्यालाही बसवा. रक्कम थोडी असली तरी न विचारता घेतलेला पैसा माणूस विसरत नाही. आणि आपल्यावर अन्याय झाला तर आधी लेखी अर्ज करा, एकजूट ठेवा, पण हात उचलू नका. पेटलेल्या बाजारात पहिले नुकसान रोजच्या कमाईवर जगणाऱ्याचेच होते.