‘आर. ए. फॅक्टर’ आणि आमवाताचे निदान

जिज्ञासू : गुडघा दुखला तरी संधिवात आणि बोटे सुजली तरी संधिवातच म्हटले जाते, या व्याधी मुळात एकच आहेत काय?

तज्ज्ञ : नाहीत. उतारवयात गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, झिजते, तेव्हा दुखणे चालण्याने वाढते आणि विश्रांतीने उतरते. याउलट आमवातात, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते. त्यामुळे सकाळी हात तासभर आखडलेले राहतात, मूठ वळत नाही आणि हालचाल सुरू झाल्यावरच ते सैल होतात. सूज मनगटांना व बोटांच्या मुळाकडच्या आणि मधल्या सांध्यांना, बहुधा दोन्ही हातांत, येते. नखाजवळचा सांधा सहसा सुटतो.

जिज्ञासू : मग रक्तातील ‘आर. ए. फॅक्टर’ तपासला की निकाल लागत असेल.

तज्ज्ञ : या समजुतीनेच पुष्कळ घोळ केला आहे. हा घटक म्हणजे शरीराने स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध घडवलेले प्रतिपिंड. तो काही निरोगी वृद्धांत, क्षयरोगात आणि हेपॅटायटिस सीमध्येही आढळतो, तर आमवाताच्या काही रुग्णांत कधीच आढळत नाही. अँटी-सीसीपी ही चाचणी अधिक नेमकी आहे, पण तिच्यावरही सारे सोपवता येत नाही. अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी 2010 मध्ये ठरवलेल्या वर्गीकरणात एकूण 10 गुणांपैकी निदान 6 लागतात. त्यांपैकी बाधित सांध्यांना 5 पर्यंत आणि या दोन्ही रक्तचाचण्यांना मिळून फार तर 3 गुण आहेत. शिवाय एक तरी सांधा सुजलेला असल्याखेरीज ही मोजदाद सुरूच करायची नसते, त्यामुळे केवळ अहवाल पाहून आमवाताचा शिक्का मारणे अशास्त्रीय ठरते.

जिज्ञासू : युरिक अ‍ॅसिडचेही असेच आहे काय?

तज्ज्ञ : बव्हंशी. गाउटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताच्या, ऐन झटक्यात ते सामान्यही असू शकते. खात्री हवी तर सांध्यातील द्रवात सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

जिज्ञासू : आमवातावर उपचार कोणता, आणि वेदनाशामक गोळ्यांनी भागत का नाही?

तज्ज्ञ : त्या वेदना कमी करतात, सांध्याची झीज रोखत नाहीत. स्टिरॉइडने लवकर आराम पडतो, म्हणून त्याचा मोह मोठा. पण ते दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते, त्यामुळे मूळ औषधाचा गुण येईपर्यंतच, कमी मात्रेत, त्याचा आधार घ्यावा. मूळ औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असते; त्याचा गुण येण्यास साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या नियमित करतात आणि गर्भधारणेच्या काळात ते वर्ज्य असते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खुंटून मृत्यूही ओढवू शकतो, म्हणून चिठ्ठीवर गोळीचा वार लिहून घेतल्याशिवाय रुग्णाने दवाखान्यातून निघू नये.