जागा घेतलीस, आता शेळ्या घेण्याआधी

बाळा, भातसानगरच्या वाटेवर जागा घेतलीस, चांगलं केलंस. पण तिथं अल्पाकासारखं काहीतरी वेगळं पाळायचं म्हणतोस, म्हणून आधी सांगते. अल्पाका पेरूच्या उंच, थंड डोंगरातला. आपल्या आषाढ-श्रावणात त्याची लोकर सुकायची कधी? आणि अमेरिकेत त्याचा गाजावाजा होता तेव्हाही खरी कमाई लोकरीची नव्हती, पैदाशीच्या माद्या नवशिक्यांना विकण्याची होती. 2008 च्या मंदीनंतर घेणारे आटले आणि भाव कोसळले. आपल्याकडं इमूचं तेच झालं. पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सनं लोकांच्या ठेवी घेतल्या आणि 2012 मध्ये सगळं बुडालं. 2019 मध्ये इस्लामपूरच्या महारयत अॅग्रोच्या कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत आपले कितीतरी शेतकरी फसले. कोंबडीचा त्यात काही दोष नव्हता. पिल्लू विकणारा आणि मोठं झालेलं जनावर परत घेणारा एकच असेल, तर करारावर सही करू नकोस.

तू शेळी घे. तिला गावातलंच गिऱ्हाईक मिळतं, शहापूर-मुरबाडचा खाटीक घेतो, कल्याणचा व्यापारी दारात येतो. एकानं भाव पाडला तर दुसरा आहे.

जात निवडताना फोटो बघून भुलू नकोस. उस्मानाबादी शेळी गुणाची, जुळी देणारी, पण ती कोरड्या मुलखातली. आपल्या पावसात तिला खोकला लागतो, खुरं सडतात. गावातल्याच शेळ्या घे, नाहीतर सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ. ती पावसात टिकते. सुरुवात दहा माद्या आणि एका बोकडापासून कर. केंद्राच्या योजनेत 100 माद्या आणि 5 बोकडांना निम्मं अनुदान मिळतं, दहा लाखांपर्यंत. ते हप्त्यानं येतं, चारा मात्र रोज लागतो. अनुदानासाठी कळप वाढवणारे मला कधीच शहाणे वाटले नाहीत.

विकत घेताना शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघ. आत लालसर गुलाबी दिसली तर ठीक. पांढुरकी दिसली तर पोटात बहुधा रक्त पिणारे जंत आहेत, विकणारा काहीही सांगो. मग दात बघ. आदत म्हणजे अजून दुधाचे दात, दोन दाती म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढची. कास हातानं चाचप, गाठ लागली तर सोडून दे. शेपटीखाली हगवणीचे डाग असतील तरी सोडून दे. घरी आणलेली शेळी दोन-तीन आठवडे वेगळी बांध, लगेच कळपात घालू नकोस.

वाडा जमिनीवर नको. तीन-चार फूट उंच बांबूचा माळा कर, फटी अशा ठेव की लेंड्या खाली पडतील पण करडाचा पाय अडकणार नाही. पावसाच्या बाजूला कारवीचा कूड घाल. वरून आणि चारी बाजूंनी जाळी पक्की हवी, तानसाचं रान जवळ आहे, बिबट्या येतोच.

आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घे, पाऊस लागल्यावर धावाधाव नको. कोवळ्या लुसलुशीत गवतावर उपाशी पोटी सोडशील तर संध्याकाळपर्यंत धडधाकट शेळी आडवी होते. आधी तुरीचं भूस घाल, दव उतरू दे, मग सोड. गवतावरच्या ओलीतूनच जंत पोटात जातात. चाऱ्यासाठी बांधावर आजच शेवरी लाव. सुबाभूळही चालेल, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, केस गळतात.

शेळी पाच महिन्यांनी विते. भर पावसात जन्मलेली करडं गारठून जातात, म्हणून बोकड कळपात जून-जुलैत सोड, एरवी वेगळा बांध. करडं कार्तिक-मार्गशीर्षात येतील. व्यायल्यावर तासाभरात करडाला चीक पाजायचाच. बोकड दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर जातो. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा कोणता बोकड कधी वर्षाचा होईल ते कॅलेंडरवर मांडून ठेव.

पाण्याचं बघून घे. भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेत टँकर येतो. याचं मला आजही वाईट वाटतं. उन्हाळ्यात शेळीला दिवसाला चार-पाच लिटर लागतं. विहीर मेमध्ये बघ, दिवाळीत बघून भुलू नकोस.

आणि तू शनिवारी-रविवारी येणार असशील तर तिथं रात्री निजणारा माणूस आधी शोध, शेळ्या नंतर. पाड्यावरचं एखादं जोडपं ठेव. त्यांना पगार दे, शिवाय करडांत वाटा दे. आपल्याकडं अर्धलीनं शेळी द्यायची रीत जुनी आहे, निम्मी करडं सांभाळणाऱ्याची. ठरलेलं कागदावर लिही आणि वाटा मागायला लावू नकोस. विमा उतरवशील तेव्हा कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांच्याही वहीत लिहून ठेव. शेळी मेली तर डॉक्टर येईपर्यंत पुरायची नाही आणि बिल्ला काढायचा नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांग.