खिन्न मन आणि नित्याचा दिनक्रम

मन खिन्न झाले की मनुष्य प्रथम नित्याची कामे सोडतो. उठण्यास उशीर होतो, आंघोळ टळते, शेजारी आल्यास दार लोटले जाते. मनाला उभारी आली की सारे करू, असे तो म्हणतो. परंतु कामाबरोबर त्यातून लाभणारे समाधान आणि माणसांचा सहवासही सुटतो व खिन्नता अधिकच दाटते. हा फेरा तोडावयाचा तर मनाची वाट न पाहता कृतीपासून आरंभ करावा लागतो.

या तत्त्वाची कसोटी गोव्यातच लागली. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडण्यात आले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. रुग्णाशी बोलून रोजच्या लहान कृती ठरविणे हा त्या भेटींचा गाभा होता. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कृती लहानच असावी. अंगण झाडणे, परसातील वेलांना पाणी घालणे, सकाळच्या उन्हात बाजारापर्यंत चालत जाणे, इतके पुरे. ती केव्हा करावयाची हे आदल्या रात्रीच ठरवावे. भजनास जाण्याची पूर्वी आवड असेल तर मागे बसून नुसते ऐकावे. आनंद वाटलाच पाहिजे असा हट्ट नको. झोप लागो वा न लागो, उठण्याची वेळ मात्र बदलू नये. चिंतेने छातीत धडधडू लागल्यास श्वास सावकाश व दीर्घ सोडावा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळी चिंता वाढलेली असते.

"मन घट्ट कर" या घरच्यांच्या उपदेशाचा उपयोग क्वचितच होतो. "चल, विहिरीपर्यंत जाऊन येऊ" हे अधिक बरे.

लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास आरोग्य केंद्रात दाखवावे. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नयेत. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.