वृद्धाश्रमाची पारख

मुले दूर शहरी, घरी करावयास कोणी नाही आणि दुखणे लांबलेले, अशा वेळी वृद्ध माणसास आश्रमात ठेवण्याचा प्रसंग येतो. तो आश्रम चांगला की वाईट हे कशावरून ओळखावे, याचा विचार आम्ही या पाठात करणार आहो.

अवेडिस डोनाबेडियन या वैद्याने १९६६ साली शुश्रूषेची परीक्षा तीन अंगांनी करावी असे दाखविले: साधने, कृती आणि परिणाम. ही अंगे ध्यानात ठेविली म्हणजे अक्षरशत्रूसही परीक्षा करता येते.

पहिले, साधने. खोली हवेशीर असावी, शौचकूपाजवळ धरावयास दांडा असावा. परंतु रात्री किती वृद्धांमागे किती सेवक जागे असतात, हे अवश्य विचारावे. हाकेला कोणी येत नसेल, तर चकचकीत फरशी काय कामाची?

दुसरे, कृती. जेवणाच्या वेळी जावे. ज्यास स्वतः घास घेता येत नाही, त्यास कोणी धीराने भरवितो काय? पाण्याचे भांडे हाताशी आहे काय? ज्यास कूस पालटता येत नाही, त्यास साधारण दोन-दोन तासांनी वळवितात काय? भटकतो म्हणून कोणास बांधून तर ठेविले नाही?

तिसरे, परिणाम. आपल्या माणसाच्या टाचा, माकडहाड व कुल्ले यांवरील कातडी पाहावी. दाबूनही लाली जात नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात होय. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊन किंवा कठीण लागते काय, हे चाचपावे. वजनाची नोंदही मागावी. ५० किलोच्या मनुष्याचे महिन्यात अडीच किलो घटले, तर वैद्यास दाखवावे.

चालते-बोलते माणूस आपले गाऱ्हाणे स्वतः सांगते. म्हणून ज्यास बोलता येत नाही, त्याच्या खाटेकडे आधी जावे. त्याची निगा चांगली, तर आश्रम चांगला, असे आम्ही समजतो.

छळ आढळल्यास ज्येष्ठ नागरिकांकरिता असलेल्या १४५६७ या विनामूल्य दूरध्वनीवर कळवावे. तथापि एकदा परीक्षा करून भागत नाही. ज्यास भेटावयास कोणी येते, त्याची हेळसांड सहसा झाकून राहत नाही. यास्तव महिन्यातून एकदा तरी, न कळविता जावे.

मननार्थ प्रश्न: १. आपल्या गावचे कोण वृद्ध आश्रमात आहेत? २. त्यांस शेवटी कोण व केव्हा भेटले?